वरच्या ओठाला विचार

सलग अठरा दिवस ऊन पडलं नव्हतं, आणि आमच्या दोन खोल्यांत रोज साहेबांचे चौदा लंगोट, सहा दुपटी आणि चार झबली वाळवायची होती.

साहेब म्हणजे माझा मुलगा, वय सात महिने. नाव त्याच्या बाबानं ठेवलेलं, कारण घरातलं सगळं त्याच्या वेळेवर चालायचं आणि उशीर झाला की तो आवाज चढवायचा. महिन्यापूर्वी त्याला खोकला झाला, तेव्हा डॉक्टरीणबाई जाता जाता म्हणाल्या होत्या की घरात ओल आणि बुरशी राहू देऊ नका, लहान छातीला त्रास होतो. बाकीच्यांनी ते ऐकलं आणि सोडून दिलं. मी घरी आले आणि कपाट पुढे ओढलं. मागच्या भिंतीवर पंजाएवढा काळ्या ठिपक्यांचा डाग होता. सहा महिने माझं बाळ त्या भिंतीपासून दोन हातांवर झोपत होतं.

त्या दिवसापासून मी एक वही केली. तो मिनिटाला किती श्वास घेतो, किती वेळा खोकतो, दूध किती पितो, सगळं लिहायचं. खोकला आठवड्यात गेला, वही राहिली. दोनदा मी त्याला उगाचच दवाखान्यात नेलं. तिसऱ्यांदा निघाले तेव्हा नवरा म्हणाला, "लांडगा आला रे आला करू नकोस. खरा येईल तेव्हा कुणी धावणार नाही." हसतच म्हणाला, पण मला ते लागलं.

कपड्यांचं खातं सासूबाईंकडे होतं. त्यांनी तीस वर्षं एका मोठ्या रुग्णालयाच्या धुलाई विभागात काढली होती आणि कपडा ही गोष्ट त्या आमच्याहून वेगळ्या डोळ्यांनी बघायच्या. पिळलेलं दुपटं त्या कोरड्या टॉवेलमध्ये गुंडाळायच्या आणि वर चक्क उभ्या राहायच्या. "यंत्र नसलं की माणसानं वजन वापरावं," म्हणायच्या, आणि त्यांचं वजन वापरण्यासारखं होतं. दोरीवर दोन कपड्यांमध्ये चार बोटं अंतर. जाड कपड्याशेजारी पातळ. पंखा खाली जमिनीवर, तिरका. बाहेरच्या खोलीची खिडकी दोन बोटं उघडी आणि समोरच्या स्वयंपाकघराचीही दोन बोटं, कारण हवेला यायला दार हवं तसं जायलाही हवं. मूल झोपतं त्या खोलीत ओला रुमालसुद्धा टांगायचा नाही. आणि घडी करण्याआधी प्रत्येक कपड्याची दुमड, शिवण, कोपरा त्या नाकाखाली, वरच्या ओठाला लावायच्या.

"बोटाला ओल कळत नाही, गार आणि ओलं त्याला सारखंच," त्यांनी मला शिकवलं होतं. "वरच्या ओठाला विचार. तो खोटं बोलत नाही."

मला वाटायचं, त्या वास घेतात. इतक्या जवळ कपडा नेणारं माणूस वासच घेत असणार. "वास नाही ना आई?" मी रोज विचारायचे आणि त्या रोज म्हणायच्या, "अजिबात नाही." त्या एका वाक्यावर माझा दिवस निघायचा. नवऱ्याला विचारण्यात अर्थ नव्हता. तो फर्निचरला पॉलिश करणाऱ्या कारखान्यात, दिवसभर थिनरच्या वासात असायचा, त्याचं नाक केव्हाच कामावरून गेलं होतं. माझं नाक भीतीनं इतकं ताणलं होतं की मला कधी सगळीकडे कुबट वास यायचा, कधी कुठेच नाही.

अठराव्या दिवशी सकाळी मी साहेबांना भरवत होते आणि सासूबाई बाहेरच्या खोलीत एका दुपट्याची दमट राहिलेली किनार इस्त्रीनं वाळवत होत्या. मला जळल्याचा वास आला. आधी वाटलं शेजारून येतोय. मग तो इतका वाढला की मी मुलाला तसाच कडेवर घेऊन धावले. सासूबाई इस्त्री दुपट्यावर तशीच ठेवून, पाठ वळवून, दोरीवरचे कपडे सरकवत होत्या. दुपट्यातून धूर निघत होता. त्यांच्यापासून हातभर अंतरावर.

"आई, जळतंय."

"कुठे?" त्या म्हणाल्या, आणि वळून बघेपर्यंत त्यांना खरंच माहीत नव्हतं.

त्यांनी इस्त्री उचलली. दुपट्यावर तपकिरी त्रिकोण उमटला होता.  त्यांनी माझ्याकडे बघणं टाळलं तेव्हा मला सगळं समजलं. त्यांना वास येतच नव्हता. आज नाही, काल नाही, बहुधा कित्येक वर्षं नाही. म्हणजे हे अठरा दिवस "अजिबात नाही" म्हणत होत्या ते कशाच्या जोरावर? ते चौदा लंगोट, ती सहा दुपटी माझ्या मुलाच्या नाकातोंडाशी जात होती आणि त्यांत काय वाढत होतं ते कुणालाच माहीत नव्हतं.

मी भांडले नाही. भांडले असते तर बरं झालं असतं. मी छत्री घेतली, कोपऱ्यावरच्या दुकानात गेले आणि डांबरगोळ्यांचं पाकीट घेऊन आले.

आमच्या घरी, म्हणजे माझ्या माहेरी, मोठी पत्र्याची पेटी होती. तिच्यात पांघरुणं, लोकरीचे कपडे, पाहुण्यांच्या चादरी. ती उघडली की डांबरगोळ्यांचा थंड, टोचरा वास यायचा आणि आई म्हणायची, बघ, किती स्वच्छ. माझ्या डोक्यात स्वच्छतेचा वास म्हणजे तो. जिथे तो वास तिथे किडा नाही, बुरशी नाही, ओल नाही. पाकिटावर बारीक अक्षरांत लिहिलं होतं की मुलांच्या हाती लागू देऊ नये. मी शिकलेली बाई, मी ते दोनदा वाचलं. म्हणून एकेक गोळी जुन्या रुमालाच्या तुकड्यात घट्ट गाठ मारून बांधली, तोंडात जायला नको. सहा गाठी त्याच्या कपड्यांच्या खणात, कपड्यांच्या थरांमध्ये. दोन त्याच्या गादीखाली. एक उशीच्या अभ्र्यात, आतल्या बाजूला.

सासूबाईंना सांगितलं नाही. सांगायचं कशाला, त्यांना कळणारच नव्हतं. खरं सांगायचं तर तेव्हा हा विचार मनात आला आणि मला थोडं बरंही वाटलं.

त्या रात्री कित्येक दिवसांनी मला नीट झोप लागली. खोलीत पेटीचा वास होता.

चौथ्या दिवशी साहेबांनी आवाज चढवला नाही. दूध अर्धा तास उशिरा झालं तरी पडून राहिले. मी वहीत लिहिलं: शांत. पाचव्या दिवशी दूध निम्मं. श्वास मिनिटाला बावन्न, एरवी अडतीस असायचे. मी पुन्हा मोजले, पन्नास. ओठ फिके वाटत होते, पण ढगाळ उजेडात सगळ्यांचेच ओठ फिके दिसतात. मी माझे आरशात बघितले.

आणि लंगोटावर डाग. पिवळा नाही, तपकिरी. चहा सांडल्यासारखा. पहिला दिसला तेव्हा मी घाबरले, पण भीती गेली ती वेगळ्याच वाटेनं. मला वाटलं, हीच ती बुरशी, लंगोट न वाळता घडी केल्यामुळे आलेली. किंवा दोरीच्या तारेचा गंज. मी तो लंगोट बाजूला टाकला, दुसरा बांधला, तासाभरानं त्यावरही तसाच. मी आणखी दोन गाठी खणात ठेवल्या.

दवाखान्यात जावं असं शंभर वेळा मनात आलं. पण नवऱ्याचं लांडग्याचं वाक्य कानात होतं. एरवी काट्याचा नायटा करणारी मी, नेमकी त्या दिवशी स्वतःला समजावत बसले की उगाच घाबरू नकोस, संध्याकाळी हा आला की दाखवू. पाच डागाळलेले लंगोट मी पुरावा म्हणून टोपलीत वेगळे ठेवले. पुरावा सासूबाईंविरुद्ध.

ते त्यांच्याच हाती लागले. दुपारचे दोन वाजले असतील. त्या टोपली घेऊन मोरीकडे चालल्या होत्या आणि मध्येच थांबल्या. एक लंगोट उचलून खिडकीशी गेल्या, काचेसमोर धरला, उलटा करून धरला.

"हा कधीचा?"

"सकाळचा. आई, ती बुरशी आहे. कपडे नीट वाळत नाहीयेत, मी तुम्हाला सांगणारच होते."

"बुरशी ठिपक्यांनी येते. गंज तारेच्या रेघेनं येतो. हा मधोमध ओला आणि कडेला गडद आहे, हा आतून आलाय." त्यांनी दुसरा बघितला, मग तिसरा. त्यांचा आवाज अगदी बारीक झाला होता. "तीस वर्षं मी डागांवरून चादरी वेगळ्या केल्यात, बाई. हा रंग आम्ही वेगळ्या पिंपात टाकायचो. हे लघवीतून जाणारं रक्त आहे."

 त्या आतल्या खोलीत गेल्या, साहेबांना उचलून खिडकीशी आणलं आणि अंगठ्यानं त्याच्या खालच्या पापणीचा आतला भाग उघडून मला दाखवला. तिथे लाल काही नव्हतं. आणि डोळ्याचा पांढरा भाग पांढरा नव्हता, हळदीचं पाणी शिंपडल्यासारखा होता. पाच दिवस मी त्या डोळ्यांत बघत होते.

"रिक्षा बघ," त्या म्हणाल्या. "लंगोट बरोबर घे, सगळे. पिशवीत घालून."

रुग्णालयात तरुण डॉक्टरीणबाई होत्या, आमच्या नेहमीच्या नव्हेत. त्यांनी बोटातून रक्त घेतलं आणि आकडा आला तेव्हा परिचारिकेला हळूच काहीतरी सांगितलं. तिथून पुढे सगळेच भराभर चालायला लागले. मी हिमोग्लोबिनचा आकडा विचारला. साडेपाच. अकराच्या आसपास हवा होता. अंगातलं निम्मं रक्त कुठे गेलं, मी विचारलं. त्या म्हणाल्या, आतल्या आत फुटतंय, का ते शोधायचंय. काही औषध दिलं का, ताप होता का, नवीन काही खाल्लं का. मी वही उघडून दिली. त्यांनी दोन पानं चाळली. त्यात सगळं होतं, श्वासांसकट, फक्त पाकीट नव्हतं.

आणि मग माझा तोल गेला. मी सांगितलं की घरात ओल आहे, भिंतीवर काळी बुरशी आहे, कपडे तीन आठवडे घरातच वाळतात, आणि ते वाळवणाऱ्या माणसाला, मी सासूबाईंकडे बोट केलं, वासच येत नाही.

"त्यांना वास येत नाही आणि त्यांनी ते लपवून ठेवलं. विचारा त्यांना."

 सासूबाईंनी हातातली लंगोटांची पिशवी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, बुरशीनं असं रक्त फुटत नाही. एवढं म्हणून त्या साहेबांच्या छातीला स्टेथोस्कोप लावायला वाकल्या, आणि वाकलेल्याच थांबल्या. त्यांनी दुपट्याचं टोक नाकाशी नेलं.

"हा वास कसला?"

"कसला वास?" मी खरोखर विचारलं. "स्वच्छच आहे."

"डांबरगोळ्या वापरता का तुम्ही घरात?"

मला आठवतं ते एवढंच की खोलीत कुठेतरी नळ गळत होता आणि मी थेंब मोजायला लागले. सात मोजले. मग म्हणाले, "हो. मी ठेवल्या. गाठी मारून ठेवल्या, त्याच्या हाती लागू नयेत म्हणून."

हाती लागायची गरज नसते, त्या म्हणाल्या. रागावल्या नाहीत, ते जास्त वाईट होतं. काही मुलांच्या रक्तात जन्मापासून एक गोष्ट कमी असते. एरवी कळतही नाही. पण त्या गोळ्यांची वाफ श्वासातून, अंगातून आत गेली की रक्त टिकत नाही. खात्रीची तपासणी काही महिन्यांनी, आत्ता ती फसवी येऊ शकते. मुलांना हे बहुतेक वेळा आईकडून येतं, असंही त्यांनी सांगितलं. मी दोन्हीकडून त्याला दिलं होतं, रक्तातूनही आणि रुमालातूनही.

तोवर सासूबाईंनी त्याच्या अंगावरचं सगळं उतरवलं होतं. दुपटं, झबलं, टोपी, एकेक काढून दाराबाहेर ठेवलं आणि आपल्या अंगावरची शाल काढून त्याला गुंडाळलं. शाल त्यांच्या कपाटातली होती, माझ्या खणातली नव्हती. मग मला म्हणाल्या, "तुझी साडीही बदल. तो तुझ्याच खांद्यावर असतो." परिचारिकेनं मला रुग्णालयाचा झगा दिला.

रक्ताची पिशवी लागली. साहेबांच्या हातावर शीर सापडेना. तिसऱ्यांदा टोचताना तो रडला, पण त्याचा आवाज माजघरातून येतो तसा लांबून येत होता. मी त्याला आयुष्यात पहिल्यांदा ओरडायला सांगत होते. चढव आवाज, साहेब, चढव. थेंब पडत होता. मी वही मागे ठेवून दिली आणि नुसती त्याच्या नखांकडे बघत राहिले, ती कधी गुलाबी होतात म्हणून.

डॉक्टरीणबाईंनी जाताना बजावलं की घरातल्या गोळ्या काढून टाका, खण पुसा, पण तेवढ्यानं भागणार नाही. वास कपड्यात बसतो. धुवा, पुन्हा धुवा, हवेवर टाका. वास पूर्ण गेल्याशिवाय एकही कपडा मुलाला घालायचा नाही.

हे ऐकून सासूबाईंनी आणि मी एकमेकींकडे बघितलं. दोघींच्या डोक्यात एकच आलं. बाहेर ऊन नाही. मी इथून हलणार नाही. आणि घरी जी दोन माणसं उरतात त्यांतल्या एकाचं नाक थिनरनं नेलंय आणि दुसरीचं नाकच नाही. वास गेला हे ठरवणार कोण?

"बघते मी," त्या म्हणाल्या आणि गेल्या.

पुढचे तीन दिवस आकडा चढत होता. साडेपाच, सात, आठ. पण मी प्रत्येक लंगोट खिडकीशी धरत होते आणि दुसऱ्या दिवशीही तो तपकिरी होता. डॉक्टरीणबाई म्हणत, आतलं निघून जायला वेळ लागतो.  झोपेत मला पेटीचा वास यायचा आणि मी दचकून उठायचे. तो वास आठवायला गेलं तर अजूनही तो स्वच्छच वाटायचा. स्वतःच्या नाकाची मला भीती वाटायला लागली.

तिसऱ्या दिवशी नवरा डबा घेऊन आला आणि हळूहळू सांगायला लागला. आईनं सगळे कपडे पाच वेळा धुतले, म्हणाला. टॉवेलवर उभी राहून राहून तिचे घोटे सुजलेत. गाद्या बाहेर काढल्या. दोन्ही खिडक्या सताड उघड्या, घरात आम्ही स्वेटर घालून बसतो. आणि कालपासून ती टोपली घेऊन जिने चढते-उतरतेय. प्रत्येक मजल्यावर, प्रत्येक दारात. बेल वाजवायची आणि म्हणायचं, "मला वास येत नाही. नातवाचे कपडे आहेत. एवढा वास घेऊन सांगा."

मी घास खाली ठेवला.

"तिला नऊ वर्षं वास येत नाही," तो म्हणाला. "ब्लीचमुळे. मलाही नव्हतं सांगितलं. तिकडे धुलाई विभागात शेवटची तपासणी नाकानं असायची, कळलं असतं तर तिला घरी बसवलं असतं. म्हणून तिनं ते ओठाचं शोधून काढलं. नोकरी निभली. आता आख्ख्या इमारतीला माहीत आहे."

वरच्या मजल्यावरच्या मास्तरांनी वास घेऊन म्हटलं, थोडा आहे. सासूबाईंनी टोपली परत आणली आणि कपडे पुन्हा धुतले. तळमजल्यावरच्या शिंपीणबाई म्हणाल्या, शिवणीत आहे, आजी, कापडात नाही. मग सासूबाईंनी झबल्यांच्या शिवणी उसवल्या, धुतल्या आणि पुन्हा शिवल्या. चेष्टाही झाली म्हणे. कुणीतरी म्हणालं, काय आजी, लंगोटांची परीक्षा घेताय का. त्या म्हणाल्या, "हो, आणि नापास झाले तर तुम्हालाच पुन्हा तपासायला लागतील."

चौथ्या दिवशी दुपारी त्या स्वतः आल्या. कापडी पिशवीत एक लंगोट, एक झबलं, एक दुपटं. दुपट्याच्या कोपऱ्यावर तो इस्त्रीचा तपकिरी त्रिकोण होता. पिशवी माझ्या हातात देऊन त्या पलंगापासून दोन पावलं लांब उभ्या राहिल्या, जसं काही इथे त्यांचं काम संपलं.

मी दुपटं नाकाशी नेलं. काहीच नव्हतं. पण काहीच नसणं मला पुरेसं वाटेना. डॉक्टरीणबाईंनी विचारलं त्या दिवशीही मला काहीच वाटलं नव्हतं. मी पुन्हा वास घेतला. 

"मला कळत नाही, आई," मी म्हणाले. "माझ्या नाकावर माझा विश्वास नाही."

"मग आपलं दोघींचं सारखंच झालं." त्या जवळ आल्या. "पाच घरांनी वास घेऊन बघितलाय. शिंपीणबाईंनी दोनदा. बाहेरच्या परिचारिकेला आत्ता विचारून आले, ती सहावी."

मी त्या दिवशी डॉक्टरीणबाईंसमोर जे बोलले होते ते मला परत घ्यायचं होतं. वाक्य सुरू केलं. त्यांनी ते अर्ध्यावर थांबवलं, तेही शब्दांनी नाही, दुपट्याची दुमड माझ्या वरच्या ओठाला लावून.

"ओलं?"

"नाही. कोरडं आहे."

"घाल मग. शालीत उकडतंय त्याला."

आम्ही दोघींनी मिळून त्याला कपडे घातले. माझी बोटं बंदांना जमेनात, त्यांनी गाठ मारली. गाठ बघून मला कसंसंच झालं आणि मी बंद सोडून पुन्हा, सैल बांधले. त्यांनी बांधू दिले.

तासाभरानं लंगोट ओला झाला. मी तो सोडला आणि खिडकीकडे नेला. हात पुढे करायला धीर होईना, म्हणून त्याच मागून आल्या आणि माझ्या हाताखाली हात धरून त्यांनी तो काचेसमोर उंच केला. बाहेर ढग तसेच होते. त्या राखाडी उजेडात मधोमध डाग होता, फिका, गवती पिवळा. कडा दिसतही नव्हती.

"सांग," त्या म्हणाल्या.

"पिवळा आहे."

"हं." त्यांनी तो उलटा करून बघितला, पुन्हा सुलटा केला. "उद्याचाही बघू. परवाचाही."

मागे पलंगावर साहेबांनी आवाज चढवला, आणि मी लंगोट हातात घेऊन तशीच थोडा वेळ उभी राहिले, तो अजून चढतो का ते ऐकत.